कुसळ आणि मुसळ
शास्त्रपाठ : मत्तय 7:1-5



आपल्या मराठी पवित्र शास्त्रातला ‘कुसळ’ हा शब्द मुकुटबनच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पावसाळा सरल्यावर माळावरून चालत आलेल्याच्या कपड्यांना कुसळे टोचलेलीच असतात.

ही कुसळे कुसळी गवताची. हे बहुवर्षायू गवत आहे. उन्हाळ्यात पाती वाळतात, पण बुडखा जिवंत राहतो आणि पाऊस पडताच पुन्हा फुटतो. बियांचे टोक सुईसारखे, मागे पीळ घातलेली शेपटी. ओल लागली की पीळ उलगडतो आणि बी फिरत फिरत मातीत शिरते. हेच टोक बकऱ्यांच्या तोंडात, डोळ्यांत रुतते.

मागच्या कार्तिकात झरी-जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर गेलो होतो. माळभर कुसळीच दिसली. मी बोलून गेलो, “तुमच्या बकऱ्यांनीच चांगलं गवत संपवलं.”

एक आजी शांतपणे म्हणाली, “भाऊ, आमच्या बकऱ्या किती, मोजून पाहा. अर्धा माळ नांगरला. तेव्हापासून साऱ्या गावाची ढोरं उरलेल्या तुकड्यावरच येते.”

मी खाली मान घातली. तिचे म्हणणे खरे होते. पवन्या, मारवेल ही गवते जनावरे आधी खातात. विसावा मिळाला नाही, तर मुळांतला साठा संपतो आणि ती मरतात. मग कुसळी पसरते. वणव्यातही ती तगते. चराईचा ताण आणखी वाढला, तर तीही जाते आणि खुरटे हंगामी गवत उरते.

उपाय साधे आहेत. कुसळी फुलोऱ्याआधी कापली तर चांगला चारा होतो. कापताना चार बोटे बुडखा ठेवावा. माळाचा एक भाग आळीपाळीने चराईला बंद ठेवावा. वणवा लावू नये. वनजमिनीवरील चराईचा सामूहिक हक्क 2006 च्या वनहक्क कायद्यात आहे. त्याचा दावा ग्रामसभेपासून सुरू होतो. कागद जमवायला पोडाला सोबत लागते, ती आपण देऊ शकतो.

प्रभू कुसळ काढू नका म्हणत नाही. आधी स्वतःचे मुसळ काढा, म्हणजे नीट दिसेल, असे शिकवतो. त्या दिवशी मला माझे मुसळ दिसले.

मनन व चर्चेसाठी :
1. गरिबाला दोष देण्याआधी आपण त्याला काय विचारतो?
2. आपल्या गावचे गायरान कोणी नांगरले? त्यात आपला वाटा आहे का?