मराठी-उर्दू सॉफ्टवेअरला कसोटी कुठे लावायची?

सराफाच्या पेढीवर बांगडी मोडायला आली की सराफ ती आधी कसोटीच्या दगडावर घासतो. १६ जून २०२१ पासून तर देशातल्या २५६ जिल्ह्यांत दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला आणि पुढे त्यात आणखी जिल्ह्यांची भर पडली. त्यासाठी प्रत्येक सराफाने स्वतःची भट्टी लावलेली नाही. दागिने तपासणी केंद्रात जातात, तिथे कस लागतो, शिक्का उमटतो. केंद्र एक आणि गिऱ्हाईक सगळा बाजार. पण हाच सराफ दुकानात हिशेबाचे सॉफ्टवेअर घेतो तेव्हा मात्र विकणाऱ्याच्या शब्दावर घेतो.

व्यापारी बंधूंनो, त्याचे काय होते हे आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्या परिचयाच्या एका हार्डवेअरच्या घाऊक व्यापाऱ्याने मराठीत बिल आणि उधारीची यादी देणारे सॉफ्टवेअर घेतले. विक्रेत्याने दुकानात बसून ‘सलीम’, ‘रमेश’ अशी नावे टाकून बिल काढून दाखवले. सगळे ठीक होते. पुढे यादीत मोहम्मद इस्माईल आणि मोहम्मद इसहाक अशी दोन गिऱ्हाईके आली. (नावे बदलली आहेत, अक्षरांचा हिशेब मात्र तोच आहे.) छापील यादीत दोन्ही ठिकाणी ‘मोहम्मद इस’ एवढेच आले आणि पुढे एक चौकोनी डबी. एकाने भरलेली रक्कम मुनिमाने दुसऱ्याच्या खात्यावर जमा केली. चार महिन्यांनी, पैसे चुकते केलेल्या माणसाच्या दारात वसुलीचा माणूस उभा राहिला. पावती त्याच्याजवळ होती म्हणून बरे. पण वीस वर्षांच्या व्यवहारात कडवटपणा आला तो आलाच.

चूक कोठे होती? मूळ सॉफ्टवेअर इंग्रजीसाठी बनलेले होते. नावाच्या रकान्याला संगणकाच्या भाषेत ३० बाइट जागा होती. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, म्हणजे ३० अक्षरे मावतात. युनिकोडच्या आज सर्वत्र चालणाऱ्या युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण ही प्रत्येक वेगळी चिन्हे धरली जातात. ‘मोहम्मद’ लिहायला सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट. मोकळ्या जागेचा एक धरून २२ झाले. उरल्या आठात ‘इ’ आणि ‘स’ यांचे सहा बसले, पुढच्या चिन्हाचे दोनच बाइट मावले आणि त्या अर्धवट तुकड्याची डबी झाली. ‘सलीम’ बारा बाइटांत बसतो. विक्रेता खोटे बोलला नव्हता. त्याने कस लावला तो चुकीच्या नावाचा.

एका देशासाठी बनलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या देशाच्या भाषेत, लिपीत, तारखेत, चलनात नीट बसवणे याला स्थानिकीकरण म्हणतात. हा निव्वळ भाषांतराचा प्रकार नव्हे. आपण एक लाख लिहिताना १,००,००० असा स्वल्पविराम देतो, इंग्रज १००,००० असा. जर्मन माणूस दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविरामच घालतो. इंग्रजीतील ‘ऑर्डर’चे ‘क्रम’ करायचे की ‘मागणी’ हे आजूबाजूचे वाक्य पाहिल्याशिवाय कळत नाही. आम्ही मागणीच्या पावतीवर ‘क्रम’ छापलेला पाहिला आहे.

या कामाचा मोठा धंदा उभारला तो आयर्लंडने. हा देश लहान, १९७३ साली युरोपीय आर्थिक समुदायात आला. १९८५ साली मायक्रोसॉफ्टने डब्लिनला कारखाना काढला आणि पाठोपाठ इतर अमेरिकन कंपन्याही आल्या. युरोपातील ग्राहकाला जर्मन, फ्रेंच, इटालियन भाषेत सॉफ्टवेअर हवे होते; त्या काळी ते पुठ्ठ्याच्या खोक्यात, फ्लॉपी आणि जाडजूड पुस्तकासह विकले जाई. त्यामुळे भाषांतरकाराबरोबर छापखानेवाला, बांधणीवाला, खोकेवाला या सर्वांना काम मिळाले.

काम वाढले तशी त्यासाठी खास साधने निघाली. एकदा केलेले वाक्य जपून ठेवून पुन्हा आले की समोर ठेवणारी ‘भाषांतर-स्मृती’ हे त्यातले मुख्य. पण साधने महाग, आणि प्रत्येक विक्रेता आपलेच उत्तम म्हणणार. पाच-सहा माणसांच्या भाषांतर कंपनीने चार साधने विकत घेऊन तुलना करावी हे परवडणारे नव्हते. १९९५ साली डब्लिनच्या विद्यापीठात स्थानिकीकरणाचे एक केंद्र सुरू झाले. १९९९ साली ते लिमरिक विद्यापीठात गेले. निरनिराळ्या कंपन्यांची साधने एका छताखाली मांडून ती पाहता, हाताळता, तपासता यावीत अशी प्रयोगशाळा या केंद्राने चालवली. विद्यापीठ स्वतः साधने विकत नव्हते, हा त्यातला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

अशा ठिकाणी तपासणी कशी करावी? एकच फाइल सर्व साधनांत घालायची. विक्रेत्याने आणलेली नाही, आपली, आणि मुद्दाम अडचणीची. सर्वांत सोपी युक्ती खोट्या भाषांतराची: खरे भाषांतर करण्याआधीच प्रत्येक शब्दाच्या जागी लांब, विचित्र चिन्हांचा शब्द घालतात. मग कोणते बटण फुटते, कोणता मजकूर इंग्रजीतच राहतो हे तासाभरात दिसते. इंग्रजी मजकूर जर्मनमध्ये साधारण ३० टक्के लांबतो, छोटे शब्द तर दुप्पटही होतात. दुसरी परीक्षा शब्दक्रमाची. इंग्रजीत ‘२, ५ पैकी’ असा क्रम येतो, मराठीत ‘५ पैकी २’. संगणक जिथे आकडे भरतो त्या रिकाम्या जागा उलटसुलट करण्याची मुभा साधन देते की नाही? नसेल तर मराठीला ते निरुपयोगी. तिसरी परीक्षा आम्ही धंद्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी मानतो. आज या साधनात साठवलेली स्मृती उद्या दुसऱ्या साधनात जाते का? यासाठी टीएमएक्स नावाचा सामाईक साचा निघाला. पाकिटावर त्याचे नाव छापलेले असले तरी नेऊन-आणून पाहावे लागते. वाटेत खुणा गळतात. माल एकाच आडत्याच्या वखारीत अडकला की भाव तोच ठरवतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

उर्दूची परीक्षा याहून कडक. मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, पण आकडे डावीकडूनच वाचायचे. बिलाच्या एका ओळीत मालाचे नाव, नग आणि दर एकत्र आले की कच्च्या सॉफ्टवेअरमध्ये नगाच्या जागी दर जाऊन बसतो. नस्तालीक लिपीत शब्द तिरका वरून खाली उतरतो, त्याला ओळीची उंची जास्त लागते. इंग्रजीच्या मापाच्या बटणात त्याचे डोके तरी कापले जाते नाहीतर पाय. आणि पडद्यावर सर्व नीट दिसले तरी छपाई वेगळी. बिलाच्या स्वस्त थर्मल प्रिंटरांत बहुधा देवनागरी-उर्दूची अक्षरे नसतातच. सॉफ्टवेअरने बिलाचे चित्र करून पाठवले तरच छापले जाते. म्हणून तपासणी कागदावर संपली पाहिजे.

आपल्याकडे अशी जागा करायला विद्यापीठच हवे असे नाही. लघुउद्योगांच्या क्लस्टर योजनेत सामाईक सुविधा केंद्राची तरतूद आहे. पण तेवढी वाट पाहण्याचेही कारण नाही. बाजारातील व्यापारी संघटनेच्या खोलीत एक संगणक, सभासदांकडे जसे आहेत तसे दोन-तीन प्रिंटर आणि एक वही, एवढ्यावर सुरुवात होते. वहीत आपल्या बाजारातली खरी अवघड नावे लिहावीत: लांब नावे, जोडाक्षरांची नावे, पहिले चार शब्द सारखे असलेली नावे. लाखाच्या वरचे आकडे, परत आलेला माल, अर्धा मीटर, पावणेदोन किलो. जो विक्रेता बाजारात येईल त्याने आधी या वहीप्रमाणे बिले काढून द्यावीत. निकालापुढे तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक लिहायला विसरू नये, कारण नवी आवृत्ती आली की जुना निकाल गेला. खर्च वर्गणीतून करावा. विक्रेत्याकडून संगणक भेट घेतला तर त्या वहीवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

काही बंधू म्हणतील, वाईट सॉफ्टवेअर बाजार आपोआप बाहेर फेकेल. फेकेलही, पण तोवर कोणाकोणाची खाती बिघडतील? आमच्या त्या व्यापाऱ्याने विक्रेत्याला बोलावून यादी समोर ठेवली. विक्रेत्याने आठवड्यात रकाना १२० बाइटांचा करून दिला, म्हणजे चाळीस चिन्हे मावू लागली. जुनी कापली गेलेली नावे मात्र परत आली नाहीत; ती मुनिमाने खतावणी उघडून एकेक करून पुन्हा भरली.