आधी कुलूप, मग दुकान : क्लाउडवर खातं कसं उघडावं

मिनी प्रोजेक्टचा मोसम आला की हॉस्टेलमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं, "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!" चालतं खरं, पण लॅपटॉप मिटला की बंद. बॅकएंड म्हणजे पडद्यामागे राहून मागणी ऐकणारा आणि डेटा सांभाळणारा भाग. तो चोवीस तास जागा हवा. त्यासाठी न झोपणारं मशीन भाड्याने घ्यायचं, त्यालाच आपण क्लाउड म्हणतो.

आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. मी साताऱ्याचा, शिकायला सांगलीत. दोन्ही जिल्ह्यांना जोडणारी कृष्णा. सातारा जिल्ह्यात कोयना धरण, क्षमता १०५.२५ टीएमसी. कोयना नदी कराडला कृष्णेला मिळते आणि खाली सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. समजा, धरणाचा विसर्ग आणि पुलाची पातळी साठवून मोबाईलवर दाखवणारं छोटं एपीआय आपण लिहिलं. अधिकृत सूचना जलसंपदा विभागाचीच, हे प्रोजेक्टवर ठळक लिहायचं. पण हे एपीआय सांगलीतल्याच हॉस्टेलच्या पीसीवर ठेवलं तर? ज्या दिवशी लोक आकडा बघणार, नेमकी त्याच दिवशी लाईट नसणार. म्हणून सर्व्हर पुराच्या वाटेबाहेर हवा.

आता खातं उघडायला वीस मिनिटं पुरतात. पण बहुतेक जण आधी मशीन चालू करतात आणि सुरक्षा, बिल वगैरे नंतर बघू म्हणतात. क्रम उलटा हवा. कारण कार्ड बहुधा वडिलांचं असतं, आणि कुणी चोरून मशिनं चालवली तरी बिल आपल्याच खात्यावर येतं. तर चला, एकेक पायरी पाहू.

१. खातं कोणतं? कार्ड नसेल तर अझूरचं विद्यार्थी खातं बघा. कॉलेजच्या ईमेलवर १०० डॉलरचं क्रेडिट मिळतं, कार्ड लागत नाही. एडब्ल्यूएसला कार्ड लागतं. तिथे १५ जुलै २०२५ पासून नवीन खात्याला १०० डॉलरचं क्रेडिट आणि ठरावीक गोष्टी करून पाहिल्या तर आणखी १०० पर्यंत मिळतं. साइन-अप करताना 'फ्री प्लॅन' निवडा. तो सहा महिने किंवा क्रेडिट संपेपर्यंत चालतो, यातलं जे आधी होईल ते. 'बारा महिने फुकट' सांगणारे जुने व्हिडिओ त्याआधीच्या खात्यांचे आहेत, त्यावर जाऊ नका.

२. मुख्य किल्ली तिजोरीत. साइन-अपच्या ईमेलने उघडतं ते रूट खातं. त्याला सगळं करता येतं, म्हणूनच ते रोज वापरायचं नाही. पहिल्याच दिवशी मोबाईलच्या ऑथेंटिकेटर ॲपने दुसरं कुलूप लावा. मग रोजच्या कामासाठी कमी अधिकारांचा वेगळा युजर बनवा. ग्रुपमध्ये चौघे असाल तर चार युजर. एकच पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवणं म्हणजे खोलीची चावी मेसच्या टेबलावर ठेवणं.

३. बिलाची घंटा. बिलिंगमध्ये जाऊन बजेट लावा, अगदी एका डॉलरचं. खर्च त्यापुढे गेला की ईमेल येतो. पण लक्षात घ्या, ही घंटा आहे, फाटक नाही. ईमेल येतो, मशीन आपोआप थांबत नाही. शिवाय खर्चाचे आकडे काही तास उशिरा दिसतात, म्हणून रात्री झोपण्याआधी एकदा स्वतः बघायची सवय लावा.

४. रीजन. अझूरचं 'सेंट्रल इंडिया' रीजन पुण्यात आहे, २०१५ पासून. एडब्ल्यूएसचं मुंबईत २०१६ पासून, हैदराबादेत २०२२ पासून. जवळचं का घ्यायचं? काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. अमेरिकेचा पूर्व किनारा सुमारे १३,००० किलोमीटर. जाऊन-येऊन किमान १३० मिलिसेकंद त्यातच गेले. पुण्यासाठी हाच हिशेब दोन-तीन मिलिसेकंदांचा. आणखी एक, एडब्ल्यूएसच्या कन्सोलवर एका रीजनचं मशीन दुसऱ्या रीजनच्या यादीत दिसत नाही. 'मशीन गायब झालं' म्हणून दुसरं बनवण्याआधी वरचं रीजन तपासा. नाहीतर दोन्ही चालू राहतात.

५. दारं. आता कुठे मशीन! सगळ्यात लहान आकाराचं, उबुंटू टाकून. फायरवॉलमध्ये ८० आणि ४४३ ही दारं सगळ्यांना उघडी, डेटाबेसचं दार बाहेरच्या जगाला बंद. २२ नंबरचं, म्हणजे एसएसएचचं, फक्त 'माय आयपी'ला. पण इथे एक गंमत आहे. हॉस्टेलच्या वायफायवर बहुधा सगळ्यांचा बाहेरचा आयपी एकच असतो. तुम्ही स्वतःला दार उघडलंत असं वाटतं, प्रत्यक्षात ते सगळ्या हॉस्टेलला उघडतं. म्हणून पासवर्डने लॉगिन बंद ठेवा, फक्त की-फाईलने आत या आणि ती फाईल पेनड्राइव्हवरून कुणाला देऊ नका.

६. गुपितं कोडमध्ये नकोत. डेटाबेसचा पासवर्ड आणि ॲक्सेस-की वेगळ्या एन्व्हायर्नमेंट फाईलमध्ये ठेवा आणि ती गिटला वगळायला सांगा. चुकून गिटहबवर गेलीच तर पुढच्या कमिटमध्ये पुसून भागत नाही, जुन्या इतिहासात ती शिल्लक राहते. आधी ती की रद्द करा, मग बाकीचं.

७. परीक्षा. सगळं चालू झालं की मशीन मुद्दाम रीस्टार्ट करा. एपीआय आपोआप परत उठलं नाही, तर ते पुराच्या रात्रीही उठणार नाही. डेटाबेसचा रोजचा बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवा. मशीन मुंबईत असेल तर बॅकअप हैदराबादला. आणि तो एकदा उतरवून, वाचता येतो का ते पाहा.

सबमिशन झाल्यावर मशीन नुसतं 'स्टॉप' करू नका. थांबलेल्या मशीनच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं, राखून ठेवलेल्या आयपीचंही. हवा तो डेटा उतरवून घ्या आणि मशीन, डिस्क, आयपी तिन्ही काढून टाका.

पहिल्या तीन पायऱ्या आज रात्रीच करून बघा, त्याला कोडची एक ओळही लागत नाही. कुठे अडलात तर जेवणानंतर कॉमन रूममध्ये गाठा, लॅपटॉप घेऊन या. फक्त पासवर्ड तुमचा तुम्हीच टाईप करायचा!