नाही म्हणायची वेळ सकाळची

निवडणुकीच्या हंगामात मी बरीच वर्षं नेत्यांची हेलिकॉप्टरं उडवली. जिवावर उदार होऊन चला, असं मला कुणीच कधी म्हणालं नाही. दडपण येतं ते गोड बोलून. दिवसातली शेवटची सभा, मैदान भरलेलं, आणि पीए हळूच विचारतो, "कॅप्टन, साहेब फक्त दहा मिनिटं बोलतील. बघा ना, जमतंय का."

त्या दहा मिनिटांत काय दडलंय, याची त्याला कल्पना नसते. हेलिपॅड म्हणजे शाळेच्या पटांगणावर चुन्याने काढलेलं वर्तुळ. दिवे नाहीत, हवामान सांगणारं कुणी नाही, आणि तिन्हीसांजेला विजेच्या तारा दिसत नाहीत. म्हणून तर अशा जागेवरून अंधार पडल्यावर उडायला मनाई आहे. मराठवाड्यात एका संध्याकाळी मी नकार दिला, नेते मोटारीने गेले. ते एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या दौऱ्याला मात्र त्यांच्या कार्यालयाने दुसरा पायलट मागितला. तरुण पायलटला भीती असते ती हीच. नोकरी जात नाही, बोलावणं येत नाही.

आणि हे बाकीचे बघत असतात. ऑगस्ट २००८ मध्ये, रशिया-जॉर्जिया युद्धाच्या दिवसांत, पोलंडचे राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की यांना थेट तिबिलिसीला उतरायचं होतं. कॅप्टनने ऐकलं नाही, विमान अझरबैजानातल्या गांजाला नेलं. त्याच्याविरुद्ध तक्रार झाली. दोष निघाला नाही, पुढे पदकही मिळालं. त्या दिवशीचा सहवैमानिक १० एप्रिल २०१० रोजी रशियातल्या स्मोलेन्स्कला राष्ट्राध्यक्षांच्या विमानाचा कॅप्टन होता. दाट धुकं, दृश्यमानता हवी होती १००० मीटर, टॉवरने सांगितली ४००. आधी उतरलेल्या पोलिश वैमानिकांनीही रेडिओवर सावध केलं होतं. तरी विमान खाली गेलं आणि ९६ माणसं मेली. हवाई दलप्रमुख कॉकपिटमध्ये असल्याचं दडपण रशियन अहवालाने कारणांत धरलं. पोलिश आयोगाला थेट दडपण आढळलं नाही, त्याने प्रशिक्षणातल्या उणिवांवर बोट ठेवलं. त्या कॅप्टनच्या मनात काय होतं ते आता कळणार नाही. पण वरिष्ठाच्या नकारावरून उठलेलं वादळ ज्याने जवळून पाहिलंय, त्याला कुणी हुकूम द्यावाच लागतो असं मला वाटत नाही.

म्हणून नव्या मुलांना मी सांगतो, आकडे सकाळीच ठरवा. किती दिसेनासं झालं की निघायचं नाही, किती वाजता उड्डाण झालंच पाहिजे, किती इंधन उरलं की मागे वळायचं, हे कागदावर लिहा आणि पहिल्या चहालाच पीएच्या हातात द्या. संध्याकाळी थकलेल्या डोक्याने, गर्दीसमोर, असे निर्णय नीट होत नाहीत. दोघं पायलट असाल तर ज्याचं मन कचरेल त्याचं चालेल, हेही आधी बोलून घ्या. कंपन्यांनी रद्द उड्डाणाचा जाब पायलटला विचारू नये. गिऱ्हाइकाला तोंड देणं हे कार्यालयाचं काम.

केदारनाथला निघालेल्या आपल्या माणसांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे. ती दरी अरुंद आहे, ढग बघता बघता भरून येतात, आणि तिथे डोळ्यांना दिसतंय तोवरच उडता येतं. फेरी रद्द झाली तर काउंटरवर परतीच्या रेल्वेचं तिकीट नाचवू नका. तो गलका पायलटपर्यंत पोहोचतो. तिकिटं काढतानाच मधे दोन दिवस मोकळे ठेवा.