बुवाऽऽ कुक!

बालमित्रांनो, मलकापूर स्थानकातून सुटलेली आगगाडी दिसेनाशी झाली, तरी ती नांदुऱ्याकडे धावत आहे हे तुम्हाला ठाऊक असते. तान्ह्या बाळाला असे काही कळते का?

घरात 6 महिन्यांचे बाळ असेल, तर आईला जवळ बसवून हा प्रयोग करा. बाळापुढे खुळखुळा वाजवा आणि त्याच्यादेखत तो रुमालाने झाकून टाका. बहुधा बाळ तो शोधणार नाही. 9-10 महिन्यांचे बाळ मात्र रुमाल ओढून काढील.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (1896-1980) यांनी स्वतःच्या तीन मुलांचे असेच निरीक्षण केले. दृष्टीआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हे सुमारे 8 महिन्यांनंतर कळू लागते, असे त्यांचे मत होते. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांत मात्र 5 महिन्यांच्या बाळांनाही याची थोडी जाण असावी, असे दिसले.

‘बुवा कुक’ हा याच ज्ञानाचा खेळ! पदराआड गेलेला चेहरा परत येतो, हे बाळ पुन्हा पुन्हा पडताळून पाहते. कापूस वेचायला गेलेली आईही परत येते, हे त्याला असेच उमगत जाते.

बाळाने मान फिरवली, की ते थकले असे समजून खेळ थांबवा. काय दिसले, ते तारीख घालून वहीत लिहा.