मोटारीतील ऊब आणि तापमान-संवेदकाची परीक्षा

लडाखमधील लेह हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेले आहे. जानेवारीतील रात्री तेथे पारा शून्याच्या खाली बराच उतरतो. अशा प्रदेशात मोटारीतील हीटर ही चैनीची वस्तू नव्हे. प्रवाशांच्या श्वासातील बाष्प समोरच्या काचेवर गोठते. ते वितळविण्यास गरम हवा मिळाली नाही, तर चालकाला घाटातील वळणच दिसेनासे होते. शिवाय हीटर मंदावणे ही पुष्कळदा एंजिनातील गंभीर दोषाची पहिली सूचना असते. ती सूचना कशी वाचावी, आणि तापमान दाखविणारे साधनच चुकत असल्यास ते कसे ओळखावे, याचा विचार या पाठात केला आहे.

ऊब येते कोठून?

पेट्रोलच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश भागच गाडी चालविण्याच्या कामी येतो. साधारण तेवढाच भाग धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेली बरीचशी उष्णता एंजिनाच्या धातूत उतरते. ही उष्णता वाहून नेण्यासाठी एंजिनाभोवतीच्या पोकळीतून पंपाच्या साहाय्याने एक द्रव खेळविलेला असतो. पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांच्या या मिश्रणास व्यवहारात कूलंट म्हणतात. दोन्ही घटक निम्मेनिम्मे असल्यास ते उणे ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासही गोठत नाही.

तापलेल्या कूलंटला दोन वाटा असतात. एक पुढच्या बाजूच्या मोठ्या रेडिएटरकडे जाते. दुसरी डॅशबोर्डमागे बसविलेल्या लहान रेडिएटरकडे जाते. यालाच हीटर कोअर म्हणतात. पंख्याने ढकललेली हवा त्याच्या पत्र्यांमधून जाताना तापते आणि प्रवाशांपर्यंत पोहोचते. म्हणजे हीटर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. एंजिनाने टाकून दिलेली उष्णता तो वापरतो.

मोठ्या रेडिएटरच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची झडप असते. तिच्या पोटातील मेण वितळताना प्रसरण पावते आणि झडप उघडते. बहुतेक गाड्यांत हे ८२ ते ९२ अंशांच्या दरम्यान घडू लागते. तोवर रेडिएटरची वाट बंद राहिल्यामुळे एंजिन लवकर तापते.

येथे लेहच्या उंचीचा प्रश्न उपस्थित होतो. हवेचा दाब कमी असल्यामुळे तेथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते. म्हणजे थर्मोस्टॅट उघडण्याच्या सुमारासच द्रव उकळू लागण्याची भीती! ती टाळण्यासाठी ही सर्व व्यवस्था बंद व दाबाखाली ठेवलेली असते. दाब राखणारे झाकण सैल झाले, तर द्रव लवकर उकळतो, बाष्परूपाने निसटतो आणि त्याची पातळी उतरते.

संवेदकाचे कार्य

कूलंटचे तापमान मोजणारा संवेदक हा बहुधा थर्मिस्टर असतो. काही पदार्थ तापल्यावर त्यांचा विद्युतरोध वाढण्याऐवजी घटतो, हे मायकेल फॅरडे याने १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडच्या बाबतीत पाहिले होते. थर्मिस्टर याच गुणधर्मावर चालतो. प्रचारात असलेल्या एका प्रकारात २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, ६० अंशांना ६०० ओहम आणि ८० अंशांना ३२० ओहम रोध आढळतो. एंजिनाचा नियंत्रक संगणक एका ठरावीक रोधामार्फत संवेदकास ५ व्होल्टचा पुरवठा करतो आणि संवेदकावरील व्होल्टेज पाहून तापमान ठरवितो.

तार तुटली तर रोध अनंत होतो. संगणकास एंजिन उणे ४० अंशांइतके थंड भासते. तारा एकमेकींस चिकटल्या तर रोध शून्यावर येतो, आणि एंजिन अतिशय तापल्याचा भास होतो. असे ढोबळ दोष संगणक स्वतःच ओळखतो. निदानयंत्र जोडल्यास पहिल्या दोषासाठी पी०११८ आणि दुसऱ्यासाठी पी०११७ हा सांकेतिक क्रमांक मिळतो.

फसवे असतात ते लहान दोष. समजा, जोडणीवर गंज चढून ३०० ओहम रोधाची भर पडली. थंड एंजिनात २,५०० चे २,८०० ओहम होतात. तापमानात दोनतीन अंशांचाच फरक दिसतो. पण ८० अंशांना ३२० चे ६२० ओहम होतात, आणि संगणक ते तापमान ६० अंशांच्या जवळपास समजतो. म्हणून संवेदकाची परीक्षा थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत करावयाची असते.

दोन साक्षीदार

तापमानाचा काटा खाली राहिला, म्हणजे एंजिन थंडच आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होय. संवेदक केवळ त्याला स्पर्श करणाऱ्या पदार्थाचे तापमान सांगतो. सुदैवाने गाडीत दुसरा साक्षीदार हजर असतो, तो म्हणजे हीटर. दोघांची साक्ष ताडून पाहिल्यास पुढील गोष्टी उमगतात.

१. काटा खाली, पण हीटरची हवा कडक गरम: एंजिन तापलेले आहे, संवेदक, जोडणी किंवा काटा यांत दोष आहे.

२. काटा खाली आणि हवा कोमट: थर्मोस्टॅट उघडा अडकला असावा. गाडी सुरू केल्यापासून थोड्याच वेळात रेडिएटरची वरची नळी ऊन लागू लागली, तर हा तर्क पक्का होतो.

३. काटा योग्य जागी, पण हवा थंड: दोष हीटरच्या बाजूस आहे. हीटर कोअरकडे जाणारी व येणारी अशा दोन्ही नळ्या हाताने पाहाव्यात. दोन्ही गरम असल्यास हवेची दिशा बदलणारी फळी अडकली असावी. एक गरम व दुसरी गार असल्यास कोअर गाळाने तुंबला असावा किंवा त्याची झडप बंद असावी.

४. गरम हवा एकाएकी थंड झाली, मग काटा कोठेही असो: कूलंट उतरला असण्याचा संभव मोठा. ही अवस्था सर्वांत घातक होय. पातळी खाली गेल्यावर संवेदक द्रवाऐवजी हवेत किंवा बाष्पात उघडा पडतो. धातू भाजून निघत असतानाही काटा खालीच राहू शकतो. चालकाने गाडी ताबडतोब सुरक्षित जागी थांबवून एंजिन बंद करावे.

गाडी पळत असताना ऊब येते आणि उभी असताना जाते, असे आढळल्यास कूलंटची पातळी, कोंडलेली हवा व पंप यांची तपासणी करावी.

परीक्षेचा क्रम

नवे भाग विकत आणण्यापूर्वी पहाटेची एक सोपी परीक्षा करावी. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत एंजिन, कूलंट आणि भोवतालची हवा यांचे तापमान जवळजवळ सारखे झालेले असते. निदानयंत्रावर कूलंटचा आणि आत येणाऱ्या हवेचा असे दोन्ही आकडे वाचावेत. त्यांपैकी एकच साध्या तापमापकाशी जुळत नसेल, तर संशय त्याच्यावर घ्यावा. नंतर एंजिन पूर्ण तापल्यावर जोडणी सोडवून संवेदकाचा रोध मोजावा व निर्मात्याच्या कोष्टकाशी ताडून पाहावा. संवेदक बरोबर निघाला, तर तारा व जोडणी तपासावी.

स्वयंचलित वातानुकूलन असलेल्या गाड्यांत बैठकीच्या जागेचे तापमान मोजणारा आणखी एक थर्मिस्टर असतो. पुष्कळ गाड्यांत तो डॅशबोर्डवरील लहान जाळीमागे बसवितात व बारीक पंखा त्यावरून हवा ओढतो. ही जाळी धुळीने बुजली, तर एंजिन आणि हीटर निर्दोष असूनही ऊब कमी किंवा जास्त पडते.

सावधगिरी

तापलेल्या एंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच द्रव उसळून अंग भाजते. बंद गॅरेजमध्ये एंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड वासावाचून प्राण घेतो. चालू एंजिनाजवळ नळ्या चाचपताना पट्टा व पंखा यांपासून हात आणि सैल कपडे दूर ठेवावेत. ग्लायकॉल विषारी असून चवीस गोड असते. ते मुलांपासून व जनावरांपासून जपावे.

शाळेतील प्रयोग

एक थर्मिस्टर पाणी न शिरणाऱ्या पातळ आवरणात घालून तापमापकासह पाण्याच्या भांड्यात सोडावा. शिक्षकांच्या देखरेखीखाली पाणी तापवीत दर दहा अंशांना मल्टिमीटरने रोध नोंदवावा व आलेख काढावा. आलेख सरळ रेषेत न येता वक्र येतो. त्यानंतर थर्मिस्टर पाण्याबाहेर, पृष्ठभागाच्या किंचित वर धरावा. पाणी तितकेच गरम असूनही रोध वाढू लागतो. कूलंट उतरलेल्या गाडीत काटा खाली का राहतो, याचे उत्तर या एका निरीक्षणात मिळते.

प्रश्न

१. गंजलेल्या जोडणीचा दोष थंड एंजिनात का लपतो?

२. काटा खाली असताना हीटरची हवा गरम असेल, तर थर्मोस्टॅट बदलणे व्यर्थ का ठरते?

३. दाबाचे झाकण सैल असण्याचा धोका मुंबईपेक्षा लेह येथे अधिक का?