पाणी कुठं मुरतंय? – संगणकावर लिनक्स घातल्यावर इंटरनेट न चालल्यास काय तपासावे



या पानावर आपण नेहमी बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. या खेपेचा विषय जरा निराळा आहे. पण तो आता आपल्या बांधापर्यंत आलेला आहे. सातबारा, पीकविम्याचा अर्ज, हवामानाचा अंदाज ही कामे इंटरनेटवर होऊ लागली. मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला जुना संगणक पुष्कळ सभासदांच्या घरी आहे. त्यावरील विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुढची विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर चढत नाही. यंत्र चांगले असताना भंगारात का घालायचे, म्हणून कित्येकांनी लिनक्सची वाट धरली.

लिनक्स ही मुक्त प्रणाली. फिनलंडमधील लायनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिची सुरुवात केली. तिची मूळ रचना सर्वांना खुली असून ती कोणीही वापरावी, सुधारावी व दुसऱ्यास द्यावी. जगभरचे लोक तीत भर घालतात. एका अर्थी हा सहकारच. उसात जसा को ८६०३२ निराळा आणि फुले २६५ निराळा, तसे उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट हे लिनक्सचे वाण समजावेत.

आता आमची चूक आधी सांगतो. २०२५ च्या नोव्हेंबरात, पूर्वहंगामी लागणीच्या नोंदी ऐन भरात असताना, आम्ही एका गट कार्यालयातील जुन्या संगणकावर लिनक्स मिंट घालून घेतले. यंत्र पळू लागले, पण इंटरनेट काही येईना. तीन दिवसांच्या नोंदी यंत्रातच अडकल्या. आमचा धीर सुटला. "फुकटची प्रणाली ती फुकटचीच," असे म्हणून आम्ही सगळे पुसून पहिली प्रणाली परत घालायला लावली. त्याबरोबर त्या तीन दिवसांच्या नोंदीही पुसल्या गेल्या! वाचलो ते चिटबॉयच्या कागदी वहीमुळे. दोन रात्री बसून त्या पुन्हा भरल्या. वही नसती तर लागणीच्या तारखा चुकल्या असत्या, तोडणीचा क्रम बिघडला असता आणि कुणा गरिबाचा ऊस उन्हाळ्यात वाळत उभा राहिला असता. पुढे एका सभासदाच्या शिकणाऱ्या मुलीने त्याच यंत्रावर लिनक्स पुन्हा घातले आणि दोष दहा मिनिटांत काढून दिला. प्रणाली चांगलीच होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आमची गत झाली होती.

त्या मुलीची रीत आपल्याला नवी नाही. शेवटच्या सरीला पाणी पोहोचले नाही तर आपण विहीर बुजवत नाही. मोटर, पाईपलाईन, फिल्टर, व्हॉल्व्ह असे क्रमाने बघत जातो आणि पाणी कुठं मुरतंय ते शोधतो. इथेही तेच करावे. एका वेळी एकच गोष्ट तपासावी व वहीत लिहून ठेवावी.

१) विहिरीत पाणी आहे का? घरच्या राउटरच्या वायफायवर मोबाइल जोडून बघा. मोबाइलचा स्वतःचा डेटा त्या वेळी बंद ठेवा, नाही तर फसगत होते. मोबाइललाही इंटरनेट मिळत नसेल, तर दोष लाईनचा किंवा राउटरचा आहे. संगणकाला हात लावू नका.

२) उसने पाणी घ्या. राउटरपासून संगणकाला थेट वायर जोडा. वायर नसेल तर मोबाइल चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडून मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. अँड्रॉइड मोबाइलवर बहुधा हे लगेच चालते. मात्र डेटा मोबाइलचा खर्च होतो. असे इंटरनेट आले तर दोष फक्त वायफायच्या भागात आहे, हे नक्की झाले. शिवाय पुढच्या दुरुस्तीला लागणारे इंटरनेटही हाती आले.

३) व्हॉल्व्ह बंद नाही ना? लॅपटॉपवर वायफायचे बटण किंवा विमानाचे चिन्ह असलेली कळ असते. ती चुकून दाबली गेली तर वायफाय झोपते. 'एअरप्लेन मोड' बंद आहे का तेही बघा. त्याच यंत्रावर विंडोजही ठेवली असेल तर तिच्यातील 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे. ते चालू असता विंडोज पुरती बंद होत नाही आणि कधी कधी वायफायचा भाग अडकून राहतो.

४) ड्रायव्हर व फर्मवेअर. वायफायची यादीच दिसत नसेल तर बहुधा इथे पाणी मुरते. आमचेही इथेच मुरले होते. यंत्राच्या प्रत्येक भागाशी बोलण्यास प्रणालीला ड्रायव्हर लागतो. पुष्कळसे ड्रायव्हर लिनक्समध्ये असतातच. पण काही वायफाय चिप बनवणाऱ्यांनी आपले फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत भरायची आज्ञावली, मुक्त केलेले नाही. त्यामुळे ते काही वाणांत आधीपासून घातलेले नसते. डेबियनने ते जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून आपल्या अधिकृत प्रतीत घेतले. उपाय सोपा आहे. दुसऱ्या कलमाप्रमाणे उसने इंटरनेट जोडा. लिनक्स मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' किंवा उबुंटूमध्ये 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडा, सुचवलेला ड्रायव्हर निवडा आणि यंत्र बंद करून चालू करा. यंत्रात 'सिक्युअर बूट' असेल तर या वेळी एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो वहीत लिहा. यंत्र चालू होताना निळा पडदा येतो, तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईने ती पायरी ओलांडली तर ड्रायव्हर असूनही चालत नाही.

५) जोडलेले दिसते, पण पान उघडत नाही. 'टर्मिनल' नावाची खिडकी उघडून इंग्रजी लहान अक्षरांत पिंग हा शब्द लिहा. मग एक जागा सोडून इंग्रजी आकड्यांत ८.८.८.८ लिहून एंटर दाबा. उत्तराच्या ओळी येऊ लागल्या तर पाणी शेतापर्यंत आलेले आहे. कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबून ते थांबवा. आकड्याला उत्तर मिळते पण नावाने पान उघडत नाही, असे असेल तर दोष बहुधा डीएनएसचा असतो. डीएनएस म्हणजे इंटरनेटवरचा तलाठीच. नाव सांगितले की गट नंबर काढून देतो. तो जागेवर नसेल तर दुसरा नेमावा. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ या भागात डीएनएसपुढील 'ऑटोमॅटिक' बंद करून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ लिहा व जोडणी तोडून पुन्हा जोडा. आकड्यालाच उत्तर नसेल तर राउटर बंद करून मिनिटभराने चालू करावा आणि पहिल्या कलमापासून पुन्हा बघावे.

६) घड्याळ बघा. जुन्या यंत्रातील नाण्याएवढा सेल संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग ब्राउझर 'सुरक्षित नाही' म्हणून पाने अडवतो आणि आपण वायफायला दोष देतो. तारीख दुरुस्त करा व सेल बदला. पुष्कळ संगणकांत सीआर २०३२ हा सेल असतो आणि तो स्वस्तात मिळतो.

शेवटी मुख्य गोष्ट. बेणे पारखल्याशिवाय आपण लागण करीत नाही. उबुंटू किंवा मिंट पेनड्राइव्हवरून, यंत्रात काही न घालता चालवून बघता येते. तिथेच वायफाय जोडून बघा. चालले तर पुढे जा. न चालले तर दोष काय ते आधीच कळेल. तुमच्या कामाचा एखादा प्रोग्राम फक्त विंडोजवरच चालणारा आहे का, हेही त्याआधी विचारून घ्या. आणि यंत्रातील कागदपत्रे, फोटो, हिशेब दुसऱ्या ठिकाणी उतरवून घेतल्याशिवाय काहीही पुसू नका. इंटरनेट दोन दिवस उशिरा आले तरी चालते, पुसलेली नोंद परत मिळेलच असे नाही. आम्ही हे दोन रात्री जागून शिकलो. सभासदांना तशी जागरणे पडू नयेत म्हणून हा लेखनप्रपंच.

कळावे.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग