बिनचालकाची मोटार

बाजार उरकून रात्री बैलगाडी घरी निघते. गाडीवानाचा डोळा लागतो. हातातला कासरा सैल पडतो. तरी बैल वाट चुकत नाहीत. गाडी बरोबर दारात येऊन उभी राहते.

मोटारीचं तसं नाही. चालकाला डुलकी आली, की घात झालाच. मोटारीला डोळे नाहीत.

मग मोटारीला डोळे दिले तर?

तसंही झालं आहे. अमेरिकेत फिनिक्स नावाचं शहर आहे. तिथे वेमो कंपनीच्या टॅक्सी चालतात. २०२० सालापासून त्या चालकाशिवाय लोकांना नेतात. चालकाची जागा रिकामी असते. चाक आपोआप फिरतं.

हे कसं होतं? मोटारीला चहूबाजूंनी कॅमेरे असतात. काही यंत्रं लहरी सोडतात. त्या वस्तूवर आपटून परत येतात. त्यावरून वस्तू किती लांब आहे ते कळतं. अंधारातही कळतं. मग आतला संगणक ठरवतो, थांबायचं की वळायचं.

याचे फायदे आहेत. यंत्र दारू पीत नाही. त्याला झोप येत नाही. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्यालाही एकट्याने मोटारीतून जाता येतं.

पण दिसणं वेगळं आणि उमजणं वेगळं.

फिनिक्सजवळच टेम्पे नावाचं शहर आहे. तिथली मार्च २०१८ मधली ही गोष्ट. रात्रीची वेळ होती. एक बाई हातात सायकल धरून रस्ता ओलांडत होती. तेवढ्यात दुसऱ्या एका कंपनीची मोटार आली. तिची चाचणी चालू होती. यंत्राला बाई पाच सेकंद आधीच दिसली. पण हे काय आहे, ते त्याला ठरवता येईना. कधी वाटे मोटार आहे, कधी सायकल, कधी नुसती वस्तू. रस्ता ओलांडायच्या खुणा तिथे नव्हत्या. अशा जागी माणूस पायी आडवा येईल, हे त्या यंत्राला कुणी शिकवलंच नव्हतं.

देखरेखीसाठी आत एक चालक बसवलेली होती. वेळ पडली तर तिने ब्रेक दाबायचा. पण तिची नजर मोबाईलकडे होती. मोटार धडकली. रस्त्यावरची बाई प्राणाला मुकली.

नंतर चौकशी झाली. चुका कळल्या. यंत्रं सुधारली. पण गेलेला जीव परत आला नाही.

बैलांना घरची वाट पाठ असते. नव्या गावाला जायचं तर कासरा हाती घ्यावाच लागतो. यंत्राचंही तसंच आहे. जे शिकवलं ते त्याला येतं. न शिकवलेलं समोर आलं, की ते गोंधळतं. म्हणून राखणीला बसलेल्याने जागंच राहायला हवं.

सांगा पाहू: तुमच्या गावच्या रस्त्यावर अचानक काय काय आडवं येतं? आठवून पाटीवर लिहा.